हळूकाकांची वाळलेली तुळस

हळूकाका घाबरट होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे गेलेल्या माणसाची मी मागून नालस्ती केली असं पुढे कुणी म्हणायला नको. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांचं पाऊल पडलं की पहिला हात पंख्याच्या बटणावर. नाशिकचा एप्रिल असो, आम्ही पाचजणी घामानं निथळत असू, पंखा बंद. "बिया उडतील, ताई." टेबलावर एक बी नसलं तरी बंद. मी उठून लावायची, ते येऊन बंद करायचे. दिवसातून दहा वेळा हा खेळ चालायचा आणि मी मनातल्या मनात, कधी मोठ्यानंही, चडफडायची.

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी कामाला यायचं. कशालाही हात लावला की ते "हळू, हळू" म्हणायचे, म्हणून हळूकाका. काचेची बशी उचलली, हळू. कपाट उघडलं, हळू. बियांचं पाकीट फाडलं तर, "हळू ताई, घाबरंल ते." सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून ऐन विशीत ते लॅब अटेंडंट म्हणून कॉलेजात लागले होते. तीस-पस्तीस वर्षं झाली तरी लिफ्टमध्ये पाय ठेवला नव्हता. प्राचार्यांनी बोलावलं की आधी दोन ग्लास पाणी प्यायचे. फोन वाजला की दचकायचे, मग लक्षात यायचं की आपलाच आहे. सापाला मात्र भीत नसत. एकदा माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर फुरसं निघालं. मी किंचाळले, तर हे शांतपणे म्हणाले, "जाईल ते. वरडून त्याला भ्या नका घालू."

मी तेव्हा पीएचडी करत होते आणि साप सोडला तर मला कशाचीच भीती वाटत नव्हती. आमच्या कॉलनीत डॉक्टर होऊ घातलेली पहिली मुलगी मी. वडील कारकून म्हणून निवृत्त झालेले, रोज संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर कुणीतरी त्यांना विचारायचं, "झाली का पोरगी डॉक्टर?" त्यामुळे मला घाई होती, आणि घाईतल्या माणसाला घाबरट माणूस फार खुपतो.

ज्या रोपावर माझा अभ्यास होता त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ही सवय काकांची. रोप वाढत होतं त्र्यंबकेश्वरच्या बाजूला एका डोंगरावर, कातळाच्या पठारावर. कुठला डोंगर तेही लिहीत नाही. आम्हाला तरी ती एकच जागा माहीत होती. दोन पावसाळे पायपीट करून दुसरी सापडली नव्हती. तिथं जाताना काका एक थांबा आधीच उतरायला लावायचे आणि लांबचा वळसा घालून न्यायचे. फोटो काढला की मागे लागायचे, "कुनाला धाडू नका. फोटूतून जागा कळती म्हनं." वाटेत कुणी विचारलं काय शोधताय, तर हे तोंडभर सांगायचे, "शेळी हरवलीय." मी गळ्यात भिंग अडकवलेली, हातात वही. असली बाई शेळी शोधते होय? पण काकांची छाती धडधडतेय हे मला शेजारून कळायचं, म्हणून मी गप्प बसायची.

रोप वीतभर उंचीचं. पावसात उगवायचं, श्रावणात फुलायचं, दिवाळीच्या आसपास बी टाकून मरायचं. फूल तीन दिवस टिकायचं आणि त्याची खोड अशी की स्वतःच्या परागकणांनी बी धरायचं नाही, शेजारच्या दुसऱ्या रोपाचेच लागायचे. ते आणून द्यायला एक बारकी माशी होती. त्या वर्षी माशी फारशी दिसेनाच. म्हणून आम्ही दोघं बारीक कुंचला घेऊन पठारावर बसलो, या फुलातून त्या फुलात. काका दोन बोटांत फूल धरायचे, मी कुंचला फिरवायची. "लोकांच्या घरात न विचारता शिरल्यागत वाटतं," ते म्हणाले. मला हसू आलं. पण त्यांनी धरलेलं एकही फूल दुमडलं नाही, मी धरलेली चार गेली.

दिवाळीला आमच्या हातात एकशे ऐंशी बिया आल्या. मोहरीहून बारीक, काळ्या, टणक. त्या दिवशी काका फार बोलले. एरवी इतके बोलायचे नाहीत. "आमच्याकडं पाऊस लय फसवतो, ताई. मधीच एक सर टाकतो न् पळून जातो. ज्या बीनं घाई केली ते उगवून जळतं. पन एकाच झाडाच्या बिया असल्या तरी समद्या सारख्या नसत्यात. काही भित्र्या असत्यात. त्या मातीत दबून बसत्यात, एक साल, दोन साल. म्हनून तर रान दरसाली उगवतं." मी म्हटलं, "काका, याला सुप्तावस्था म्हणतात." ते म्हणाले, "म्हना की." हल्लीच्या संशोधनातही हेच सांगतात, आई-झाडानं जे हवामान सोसलं त्यानुसार बियांचा भित्रेपणा ठरतो म्हणून. मी ते सगळं वाचलेलं होतं. वहीत हिरव्या शाईनं खुणाही केल्या होत्या. तरी पुढचं केलंच.

डिसेंबरात आम्ही पठाराची माती आणायला गेलो. शेवटचा चढ चढून वर आलो आणि मला वाटलं आपण वाट चुकलो. पठार नव्हतंच. जेसीबीनं सगळं खरवडून सपाट केलं होतं आणि वर लाल मुरूम पसरला होता. गाड्या लावायला, असं खाली चहाच्या टपरीवर कळलं. कुणी केलं, कुणाला विचारून केलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. काका कडेला जाऊन खाली बसले, पंचा पसरला आणि जिथं यंत्राचा दात पोचला नव्हता तिथली ओंजळ-दोन ओंजळ माती त्यात गोळा करू लागले. बसमध्ये एवढंच म्हणाले, "आता त्या डबीत हाय तेवढंच."

आयुष्यात पहिल्यांदा मी खरी घाबरले ती तेव्हा. एक आख्खी जात माझ्या फ्रिजमधल्या काचेच्या डबीत होती. वीज गेली तर? बुरशी लागली तर? कुणी डबी सांडली तर? मला झोप लागेना. गाइड सर म्हणाले, "रोपं तयार करा, म्हणजे सुटलो." मला तेच ऐकायचं होतं. जूनपर्यंत थांबायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण भीती अशी होती की बी नुसतं डबीत बघवत नव्हतं. ते उगवलेलं, हिरवं, डोळ्यांसमोर हवं होतं. मी प्रत्येक बीची पाठ पॉलिश पेपरवर घासायची ठरवली, मग संप्रेरकाच्या पाण्यात भिजत घालायचं, मग उबदार कपाटात. झोपलेल्या बीला उठवायचे जेवढे उपाय पुस्तकात आहेत तेवढे सगळे.

काका दारात उभे राहून हात चोळत होते. "ताई, समद्या नका उठवू."

"मग किती उठवू? तुम्हीच सांगा."

"काही राहू द्या भित्र्या. अजून पाऊस कुठं हाय?"

"काका," मी म्हटलं, आणि आजही तो आवाज माझ्याच कानात वाजतो, "तुमच्या भीतीवर विज्ञान चालत नाही." ते खाली मान घालून गेले.

मोड आले. एकही बी वाया गेलं नाही. सरांनी पेढे मागवले. काकांनी पेढा हातात घेतला आणि रुमालात बांधून ठेवला, तोंडात घातला नाही. मी आनंदात बशांतल्या बिया मोजायला घेतल्या, घासताना घाईत मोजल्याच नव्हत्या. एकशे ऐंशी नव्हत्या. एकशे अठ्ठावन्नच. बावीस बिया कमी.

डबीपर्यंत पोचणारे आम्ही दोघंच. मी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, बिया कुठं आहेत?" त्यांची बोबडीच वळली. "मला नाय ठाव." मग मी ते केलं जे करायला नको होतं. म्हटलं, "पिशवी दाखवा." त्यांनी आपली कापडी पिशवी टेबलावर पालथी केली. जेवणाचा डबा, पंचा, बिडीबंडल, नातीसाठी घेतलेली रंगीत खडूंची पेटी. बाकी काही नाही. बाकीच्या चौघी बघत होत्या. काकांनी एकेक वस्तू परत पिशवीत भरली, हळूहळू, आणि निघून गेले. दोन दिवसांनी सरांनी त्यांना ग्रंथालयात पुस्तकांना कव्हर घालायला पाठवलं.

तरी रोज एकदा प्रयोगशाळेच्या दारात त्यांचं डोकं दिसायचं. "ताई, तुळस हाय ना?" आमच्या खिडकीत एक मातीची कुंडी होती, त्यात काकांनीच कधीतरी लावलेली तुळस. ती वाळून नुसती काटकी उरली होती. मी म्हणायची, "मेलीय ती. फेकून द्या आता." ते कानाला हात लावायचे. "तुळस अशी फेकत नसत्यात. नदीला सोडावी लागती. सोडीन मी सवडीनं." झाडलोट करणाऱ्या मावशी पाणी घालायला गेल्या तर त्यांना अडवलं म्हणे, वाळक्या तुळशीला पाणी घालू नये, पाप लागतं. असला काही नेम मी कधी ऐकला नव्हता. पण आमच्या घरात तुळसच नसते, त्यामुळे मला काय कळणार? भर उन्हात ती कुंडी खिडकीत तापत राहिली आणि मी दुर्लक्ष केलं.

रोपं मोठी झाली, गच्चीवर शेडनेटखाली ठेवली. मार्चमध्ये एका दुपारी आभाळ काळं झालं आणि गारपीट झाली. गावाकडच्या द्राक्षबागांच्या बातम्या दोन दिवस फोनवर फिरत होत्या, माझी रोपं कुणाच्या बातमीत नव्हती. नेट फाटलं. गारांनी निम्मी गेली. उरलेल्यांच्या बुंध्याशी ओल राहिली, बुरशी शिरली आणि लगेच मागून ऊन तापलं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन मी उरलेली रोपं मोजायची. बहात्तर. एकेचाळीस. सतरा. मी औषधं मारली, ट्रे खाली आणले, वर नेले, टेबलाखाली ठेवले. रोपं बुंध्यापाशी मऊ पडायची आणि आडवी व्हायची. सगळी एकाच वयाची, एकदम उठवलेली, एकदम आडवी. शेवटचं रोप गेलं त्या सकाळी मी गच्चीवर एकटी होते. आपण डोंगरावरचं एक रोप जगातून संपवलं, आणि हे कुणाला सांगायचं? जेसीबीनं जे अर्धवट ठेवलं होतं ते मी माझ्या हातानं पुरं केलं होतं.

मी खाली आले आणि प्रयोगशाळा आवरायला काढली. रडत नव्हते, आदळत होते. रिकामे ट्रे, बशा, पेट्या, सगळं कचऱ्याच्या पिंपात. मग खिडकीतली ती कुंडी दिसली. उचलली, पिंपावर धरली.

"ठेवा!"

इतका मोठा आवाज मी त्या इमारतीत ऐकला नव्हता. दारात हळूकाका उभे होते, हातात पुस्तकाचं कव्हर. पस्तीस वर्षं हळू म्हणणारा माणूस ओरडला होता. कुंडी माझ्या हातातून सुटणार तोच त्यांनी खालून दोन्ही हात लावले. आम्ही दोघांनी मिळून ती टेबलावर ठेवली. मग ते खाली फरशीवरच बसले.

"किती राहिली, ताई?"

"एकही नाही, काका."

त्यांनी डोळे मिटले. मग कुंडीकडे बोट दाखवलं. "बावीस हायेत त्यात. पठाराचीच माती हाय. तुम्ही घासायला बसला त्याच्या आधी काढल्या." आणि लगेच हात जोडले. "चोरीच की ही, ताई. पोलिसात देऊ नका. मला लय भ्या वाटत व्हतं पोलिसाचं. पन समद्या उठल्या त्याचं त्याहून जास्त वाटलं."

मी त्यांच्यासमोर बसले आणि मला रडू फुटलं. तेवढ्यात ते उठले, पंखा बंद केला आणि परत येऊन बसले.

काही दिवसांनी मी धीर करून पिशवीचा विषय काढला. म्हटलं, काका, मी चुकले, माफ करा. तर हे इकडेतिकडे बघून हलक्या आवाजात म्हणाले, "बरं झालं तुम्ही पिशवीच पायली. कुंडी उकरली असती तर?" एवढंच. त्यांच्या डोळ्यांत राग शोधला मी, सापडला असता तर बरं वाटलं असतं.

जून उजाडेपर्यंत आम्ही दोघं त्या कुंडीला भीत होतो. ती हलवायची नाही, पाणी घालायचं नाही, तापू द्यायची. पावसाळा नीट लागल्याची खात्री काकांनी तीन वेळा केली, मगच आम्ही ती बाहेर ठेवली. बाविसातून चार उगवल्या. चारच. मी घाबरून विचारलं, बाकीच्या मेल्या का? काका म्हणाले, "भित्र्या हायेत. राहू द्या." श्रावणात एक रोप फुललं. एकच. फूल तीन दिवसांचं आणि दुसऱ्या रोपावर नुसती कळी. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कळी उघडली. काकांनी फूल धरलं. मी कुंचला उचलला. "हळू," ते म्हणाले, आणि या वेळी मीही म्हटलं, हळू. दिवाळीपर्यंत एकोणीस बिया मिळाल्या, त्या डबीत ठेवल्या. त्यातली एकही मी घासली नाही.

ऑक्टोबरअखेर काका निवृत्त झाले. निरोप-समारंभाला व्यासपीठावर बोलावलं तर खुर्चीच्या काठावर बसले, भाषण केलं नाही. सीबीएस बसस्थानकावर मी त्यांना सोडायला गेले. सुरगाण्याची गाडी लागली होती, तिथून पुढे जीप. खिडकीतून म्हणाले, "कुंडी फेकू नका. अजून अठरा हायेत." मी म्हटलं, काका, तुळस आता नदीला सोडू का? ते पहिल्यांदा मनमोकळं हसले. "सोडा की. तिचं काम झालं." माघात त्यांच्या मुलीचा फोन आला. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात न्यायला जीप आणली तर दवाखान्याच्या भीतीनं बसायला तयार नव्हते, असं ती रडत सांगत होती.

ती काटकी मातीलगत हळूच कापून मी गोदावरीत सोडली, आमच्यात असलं काही करत नाहीत तरी. पुढच्या जूनला कुंडीतून दोन रोपं आली. आता मीच विभागात शिकवते, नावामागे डॉक्टर लागलं. अहवालात उगवणीचा टक्का लिहायचा रकाना असतो, आणि दरवेळी कुणीतरी वरून विचारतं की उरलेल्या बिया जिवंत आहेत की नाहीत ते तपासून का टाकत नाही. उकरून बघितलं की लगेच कळेल. माझा धीर होत नाही. त्या मेल्या असतील तर, आणि त्याहून, जिवंत असतील आणि मी उठवलं तर?

यंदा पाऊस लागून पंधरा दिवस झाले तरी कुंडीत काही नव्हतं. मी मनाची तयारी केली होती. काल सकाळी झाकलेली जाळी बाजूला केली आणि मातीच्या कडेला, अगदी भिंतीला चिकटून, एक हिरवं टोक दिसलं. तीन पावसाळे दबून बसलेलं ते बी. मी दाराकडे वळून "काका!" अशी हाक मारली, आणि मग आठवलं. मग उठून पंखा बंद केला.